दोन वस्तूंच्या मधली जागा

घर बांधायला काढलं की भेटणारा प्रत्येक जण विचारतो, टाइल्स कुठल्या घेतल्या? मग नळ, मग खिडक्या, मग रंग. सिमेंट कुठलं, हेही कोणी कोणी विचारतं. पण टाइल आणि भिंत यांच्या मध्ये काय आहे, असं मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. खिडकीची चौकट संपते आणि गिलावा सुरू होतो, त्या बोटभर फटीत कोणी काय भरलं, हेही नाही. विचारावं असं तिथे काही दिसत नाही, हे खरं. शोरूममध्ये फट विकायला ठेवलेली नसते.

बांधकामाच्या काळात मी एक वही ठेवली होती. जी कटकट होईल ती त्यात लिहायची, म्हणजे निदान रात्री झोप लागते. घर उभं राहिल्यावर ती चाळताना जाणवलं की त्यातली क्वचितच एखादी तक्रार वस्तूबद्दल होती. टाइल चांगली होती, पाइप चांगला होता, खिडकी मागवली तशीच आली होती. कटकट होती ती पाइप टाइलमधून बाहेर येतो तिथे, खिडकी भिंतीत बसते तिथे, विटांची भिंत कॉलमला टेकते तिथे. कापड कितीही उंची असो, उसवतं ते शिवणीवर. वस्तू कारखान्यात बनते, तपासली जाते, तिच्यासोबत हमीपत्र येतं. सांधा मात्र जागेवर बनतो, उन्हात, घरी जायच्या घाईतल्या माणसाच्या हातून. त्याचं हमीपत्र कोणीच देत नाही.

एक सांधा तेवढा आपल्याला आयता मिळालेला आहे. काँक्रीट आणि सळईचा. तापमान एका अंशाने वाढलं की मीटरभर काँक्रीट साधारण 10 मायक्रॉन लांबतं आणि मीटरभर पोलाद 12. म्हणजे दोघं जवळपास बरोबरीनेच फुगतात आणि आकसतात. तसं नसतं तर आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट, हा प्रकारच संभवला नसता, सळई आणि काँक्रीट थोड्याच दिवसांत एकमेकांपासून सुटले असते. शिवाय ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच 12 ते 13च्या घरात, आणि त्या सहवासात सळईवर एक अतिसूक्ष्म थर धरतो, जो तिला गंजू देत नाही. इतकी सोय असताना आपल्याकडून मागितलं जातं ते एवढंच, की सळईच्या बाहेरच्या बाजूला पुरेसं काँक्रीट असू द्या. स्लॅबला साधारण 20 मिलिमीटर, बीमला 25, कॉलमला 40, पायाला 50. साइटवर याला कव्हर म्हणतात, आणि ते राहावं म्हणून सळईखाली तेवढ्या जाडीचे ठोकळे ठेवायचे असतात, कव्हर ब्लॉक.

ठोकळे ही घरातली सर्वांत क्षुल्लक वस्तू असेल. म्हणूनच ते वेळेवर जागेवर नसतात. मग सळईखाली खडीचा खडा सरकवला जातो, नाहीतर फुटक्या टाइलचा तुकडा. ओतकाम सुरू होतं, माणसं सळयांच्या जाळीवरून चालतात, तुकडा निसटतो, सळई साच्याच्या फळीला टेकते आणि वरून सगळं झाकलं जातं. पुढे तिथे ओल पोचली की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून करून घेतो, छताचा पापुद्रा खाली येतो आणि आपण सिमेंटला नावं ठेवतो. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन जाळीखाली वाकून बघणं मला टाइल्सच्या शोरूममध्ये घालवलेल्या कुठल्याही दुपारपेक्षा मोलाचं वाटतं. मिस्त्रींना ते आवडलं नाही. “ताई, आम्ही काय पहिल्यांदा स्लॅब टाकतोय?” म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकळ्यांची गोणी आली.

सिमेंट कुठलं, या प्रश्नाबद्दल जाता जाता. गोणीवरच्या नावापेक्षा बादलीवर नजर ठेवावी. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी त्याच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी लागतं. माल हाताळता यावा म्हणून ते निम्म्यापर्यंत नेलं जातं, म्हणजे 50 किलोच्या गोणीला 22 ते 25 लिटर. माल सरकत नाही म्हणून वरून ओतलेली प्रत्येक जादा बादली पुढे उडून जाते आणि मागे पोकळ्या ठेवून जाते. महागड्या सिमेंटचा त्यावर काही इलाज नाही.

भिंतीकडे येऊ. कॉलम काँक्रीटचा आणि भिंत विटांची किंवा ब्लॉकची. भाजलेली वीट तापल्यावर काँक्रीटच्या निम्म्यानेच वाढते, आणि हलके एएसी ब्लॉक तर वाळताना आकसतात. या दोघांवर एकसंध गिलावा चढवायचा आणि त्याला सांगायचं की मध्ये काही नाही असं दाखव. गिलावा ऐकत नाही. वर्षभरात कॉलमच्या कडेने सरळ उभी रेघ उमटते, आणि भिंत बीमला भिडते तिथे आडवी. नवख्या घरमालकाची झोप उडवणारी ही भेग बहुतेक वेळा घराच्या ताकदीशी संबंधित नसते. दोन पदार्थ आपापल्या स्वभावानुसार वागताहेत एवढंच ती सांगत असते. अर्थात कॉलम-बीमवरच तिरकी भेग असेल, किंवा भेग दिवसेंदिवस रुंदावत असेल, तर इंजिनिअरला बोलवावं. तिथे माझ्यासारखीच्या मताला किंमत नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि ते स्वभावाने अगदी उलटे आहेत. पहिला बांधून ठेवण्याचा. सांध्यावर जाळी ठोकायची, लोखंडी किंवा फायबरची, दोन्ही बाजूंना निदान 100-150 मिलिमीटर पसरेल अशी, आणि मग गिलावा करायचा. बीमखालचा शेवटचा थर लगेच भरायचा नाही, भिंतीला आकसायला थोडे दिवस द्यायचे आणि मग फट भरायची. दुसरा उपाय मोकळं सोडण्याचा. सांध्याच्या बरोबर रेषेत गिलाव्यात एक सरळ खोबण पाडून ठेवायची, ग्रूव्ह. भेग पडायचीच आहे तर ती त्या खोबणीत पडते, सरळ आणि सावलीत, आणि कोणाच्या नजरेला टोचत नाही.

मला दुसरा उपाय जास्त आवडतो. त्यात पदार्थाशी भांडण नाही. आमच्या घरात दोन्ही केले, कारण मी एकटी निर्णय घेत नव्हते, आणि बाहेरच्या भिंतीत खोबण ठेवायची तर ती लवचिक सीलंटने भरावी लागते, नाहीतर पाऊस आत येतो. आतल्या भिंतींना मात्र मी हट्टाने खोबणी ठेवून घेतल्या. गवंड्याला ते काम अपुरं वाटलं. ते भरून द्यायला तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

या खोबणीमुळे एक गोष्ट दिसायला लागली. जुन्या घरांमध्ये आपण ज्याला नक्षी समजतो, त्यातलं बरंचसं सांधे झाकण्यासाठी आलेलं आहे. दाराच्या चौकटीभोवतीची लाकडी पट्टी कशासाठी? चौकट आणि गिलावा कधीच नीट भिडत नाहीत, म्हणून. जमिनीलगतची स्कर्टिंग? फरशी भिंतीपर्यंत तंतोतंत कापता येत नाही, कापूही नये, तिला हलायला थोडी जागा लागते, आणि ती जागा झाकायला स्कर्टिंग. छत आणि भिंत यांच्या कोपऱ्यातला वळणदार पट्टा? तिथेही तेच. आता फॅशन आलीय ती हे सगळं काढून टाकायची. स्कर्टिंग भिंतीच्या पातळीत, दार चौकटीविना, टाइल्सना जोड दिसू नये, कपाटाला मूठ नको. साधेपणाच्या नावाखाली जे मागितलं जातं ते कारागिराकडून मागता येईल असं सर्वांत अवघड काम आहे. पट्टीखाली 5 मिलिमीटरची चूक लपते. पट्टी काढली की 1 मिलिमीटरचीही लपत नाही. असं घर ज्याला हवं त्याने बांधावं, पण आधी आपल्या सुताराकडे आणि गवंड्याकडे नीट बघून घ्यावं.

आता बाथरूम. इथे थोडं रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त सांधे, सगळ्यात कमी जागेत आणि कायम ओले, असे फक्त इथेच असतात.

पहिला गैरसमज टाइलबद्दलचा. टाइल पाणी अडवते असं वाटतं. टाइल अडवतेही, पण टाइल्सच्या मधला सिमेंटचा ग्राउट पाणी पितो आणि हळूहळू खाली सोडतो. म्हणजे पाणी अडवण्याचं काम टाइलच्या खालच्या थराचं आहे, वॉटरप्रूफिंगचं, आणि टाइल ही त्या थराला झीज लागू नये म्हणून घातलेलं पांघरूण. हा क्रम एकदा डोक्यात बसला की बाजारातले निम्मे प्रश्न गळून पडतात. एपॉक्सी ग्राउट घ्यावा का? घ्यावा, तो पाणी पीत नाही आणि काळाही पडत नाही. लावायला मात्र कटकटीचा. वेळेत पुसला नाही तर टाइलवर पापुद्र्यासारखी साय धरते आणि मग ती निघता निघत नाही. पण एपॉक्सी घातला म्हणून खालचं वॉटरप्रूफिंग उरकून चालेल, असं नव्हे.

वॉटरप्रूफिंगचे डबे अनेक तऱ्हांचे मिळतात आणि प्रत्येक विक्रेता आपलाच थर लवचिक म्हणून ताणून दाखवतो. मोकळ्या सपाट भागात त्यातले बहुतेक सगळे पास होतात. पाणी जातं ते तीन ठिकाणांहून: पाइप स्लॅबमधून खाली उतरतो त्याच्या भोवतीच्या कडीतून, म्हणजे गोल फटीतून, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यातून, आणि दाराच्या उंबऱ्याखालून. पीव्हीसी तापल्यावर काँक्रीटच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक वाढतं. गरम पाण्याची बादली ओतली की पाइप हलतो, काँक्रीट हलत नाही. त्या कडीत साधा सिमेंटचा माल थापला तर तो वाळताना आधीच थोडा आकसलेला असतो, उरलेलं काम पाइप करतो. तिथे न आकसणारा ग्राउट हवा आणि त्यावर लवचिक थर. कोपऱ्यात काटकोन ठेवायचा नाही, मालाने गोलाई द्यायची, साइटवरच्या भाषेत वाटा मारायचा, म्हणजे थर तिथे दुमडून तुटत नाही, आणि थर भिंतीवर वीतभर तरी चढवायचा. शॉवरच्या भिंतीला पुरुषभर.

मग खालचं तोंड बुजवून बाथरूम पाण्याने भरायचं, पाण्याच्या पातळीची खूण करायची आणि निदान 24 तास, जमलं तर 48, खालून छत बघत बसायचं. ही चाचणी टाइल लावण्याआधी होते म्हणूनच तिला अर्थ आहे. आणि चाचणी पास झाली की सगळे इतके खूश होतात, की चौथ्या दिवशी “इथे एक नळ वाढवू या का?” असं घरातलंच कोणीतरी म्हणतं, प्लंबर छिन्नी लावतो, आणि नुकताच पास झालेला थर हाताएवढा फुटतो. त्यामुळे आमच्याकडे नियम केला होता. चाचणीनंतर बाथरूममध्ये हातोडा न्यायचा असेल तर चाचणी पुन्हा, पहिल्यापासून. नियम ऐकल्यावर वाढीव नळाची गरज कोणालाच उरली नाही.

टाइलचा आकार हा दिसण्याचा प्रश्न वाटतो, पण तो उताराचा आहे. बाथरूमच्या जमिनीला मीटरमागे 10 ते 15 मिलिमीटर ढाळ लागतो. पाणी जायची जाळी मध्यावर किंवा कोपऱ्यात असेल तर जमीन चारही बाजूंनी तिच्याकडे उतरली पाहिजे. म्हणजे पृष्ठभाग सपाट राहत नाही, तो उथळ खोलगट होतो. लहान टाइल्स असा पृष्ठभाग सहज घेतात, कारण प्रत्येक जोडावर थोडं थोडं वळता येतं. 600 बाय 1200 मिलिमीटरची टाइल मध्ये वळत नाही. ती तिरकी कापावी लागते, नाहीतर पाणी तिच्या एका कोपऱ्यात कायमचं साचतं. मोठीच टाइल हवी असेल तर जाळीऐवजी एका भिंतीला लागून लांब नाली ठेवायची आणि पूर्ण जमिनीला एकाच दिशेने ढाळ द्यायचा. पण ती नाली कुठे असेल, ते स्लॅबच्या वेळी ठरलेलं असावं लागतं. म्हणजे शोरूममध्ये टाइल आवडण्याच्या कितीतरी आधी. बांधकामाचा क्रम आणि आपल्या आवडीचा क्रम एकमेकांच्या उलटे चालतात. सर्वांत शेवटी बसणारी वस्तू सर्वांत आधी निवडलेली असावी लागते, हे उमगेपर्यंत बहुतेकांचा स्लॅब पडलेला असतो.

टाइल चिकटवण्याचंही तेच. व्हिट्रिफाइड टाइल तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. ती टिकाऊ आहे ती याच गुणामुळे, आणि याच गुणामुळे सिमेंटच्या मालाला तिच्या पाठीत धरायला जागा मिळत नाही. जुन्या भाजक्या मातीच्या टाइल्स सिमेंट पिऊन बसायच्या, त्या सवयीने ही बसवली तर टिचकी मारल्यावर पोकळ वाजते, आणि कधीतरी भर दुपारी भिंतीवरून सुटते. तिला पॉलिमर असलेलं टाइल ॲडेसिव्ह लागतं, दातेरी पत्र्याने पूर्ण पाठभर ओढलेलं. कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक, या पद्धतीने टाइल पटकन पातळीत येते म्हणून कारागिराला ती प्रिय आहे. मधली पोकळी पुढे आपल्याला मिळते. आणि दोन टाइल्समध्ये 2 मिलिमीटरची फट तरी सोडाच. जोड न दिसण्याचा आग्रह धरला की पहिल्या कडक उन्हाळ्यात टाइल्स एकमेकींना रेटतात आणि एक ओळ तंबूसारखी वर येते.

बाथरूममधला सर्वांत सुंदर सांधा मात्र दिसत नाही. घर आणि गटार यांच्या मध्ये काय असतं? निव्वळ 50 मिलिमीटर पाणी. ट्रॅपच्या वाकड्या नळीत ते थांबून राहतं आणि खालची हवा वर येऊ देत नाही. अशा वाकड्या नळीच्या शौचकूपाचं पेटंट 1775 साली अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने घेतलं. त्यानंतर साहित्य बदललं, कल्पना तीच राहिली. पाहुण्यांसाठी म्हणून बांधलेल्या बाथरूममध्ये अधूनमधून वास येतो, त्याचं कारण बहुतेकदा इतकंच असतं की ते पाणी वाळून गेलं. तांब्याभर पाणी ओतलं की प्रश्न मिटतो. वापरात असलेल्या ट्रॅपमध्येही वास येत असेल तर हवा खेळण्याचा पाइप, व्हेंट, दिलाय का ते बघावं. तो नसेल तर वरून धो धो उतरणारं पाणी ट्रॅपमधलं पाणी आपल्यासोबत ओढून नेतं.

शॉवरची गोष्ट वेगळीच. शोरूममध्ये ताटाएवढा शॉवर मुसळधार पडत असतो, कारण मागे पंप लावलेला असतो. टाकीपासून खाली येणाऱ्या पाण्याचा दाब सरळ उंचीवर ठरतो, 10 मीटर उंचीला साधारण 1 बार. गच्चीवरची टाकी शॉवरच्या 3 मीटर वर असेल तर दाब 0.3 बार, आणि मोठ्या शॉवरना 1 बारच्या आसपास तरी हवा असतो. तेव्हा एकतर टाकी उंच करा, नाहीतर दाबाचा पंप घ्या, नाहीतर लहान शॉवर. शॉवर महाग घेतला म्हणून दाब वाढत नाही, किंबहुना भोकं जास्त असल्याने तो आणखी केविलवाणा गळतो. खोक्यावर किमान दाब छापलेला असतो, बारीक अक्षरात. मी विक्रेत्याला तो वाचून दाखवायला सांगितला. त्याने तो आयुष्यात पहिल्यांदाच वाचला असावा.

भिंतीत गाडलेल्या मिक्सरबद्दल, म्हणजे गरम आणि थंड पाणी मिसळणाऱ्या नळाबद्दल, एकच सांगते. त्याचा आतला भाग किती खोल बसवायचा हे टाइल आणि ॲडेसिव्हची जाडी धरून ठरतं, आणि ते ठरवणारा प्लंबर कामाला येतो तेव्हा टाइल खरेदीच झालेली नसते. खोलवर बसला तर बाहेरची मूठ पोचत नाही, वर राहिला तर तबकडी भिंतीला टेकत नाही. शिवाय आतला भाग एका कंपनीचा आणि बाहेरची मूठ दुसऱ्या कंपनीची, असं सहसा जुळत नाही. तेव्हा निवडताना चकाकीपेक्षा दहा वर्षांनी आतलं काडतूस, म्हणजे कार्ट्रिज, मिळेल का, हे विचारावं.

पाइपांत मी फार शिरत नाही. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा पीपीआर, थंडला यूपीव्हीसी, इतपत सगळ्यांना माहीत असतं. जोडाचं मात्र बघावं. पीव्हीसीला लावतात ते सॉल्व्हंट सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, म्हणून पाइपची कड स्वच्छ हवी आणि जोडल्यावर काही क्षण दाबून धरायला हवी. प्लॅस्टिकच्या आट्यांत पितळी नळ पिळून बसवू नये, प्लॅस्टिक आज नाही तर सहा महिन्यांनी तडकतं. आत पितळी आटे असलेलं फिटिंग थोडं महाग पडतं, ते घ्यावं. आणि गिलाव्याआधी सगळ्या लाइनी बंद करून, दाब देऊन, रात्रभर दाबाचा काटा बघावा.

खिडकी. दोन मीटरची ॲल्युमिनियमची चौकट सकाळपासून दुपारपर्यंत 30 अंशांनी तापली तर जवळपास दीड मिलिमीटर लांबते, तिच्याभोवतीचं काँक्रीट तेवढ्याच तापण्यात जेमतेम 0.6. हा फरक रोज पचवायचा तर मध्ये काहीतरी मऊ हवं, सिमेंट नव्हे. सिलिकॉन चालतं, पण व्हिनेगरसारखा वास येणारं नाही. ते सिमेंटवर आणि संगमरवरावर नीट धरत नाही, न्यूट्रल घ्यायचं. भुसभुशीत गिलाव्यावर तर कुठलंच धरत नाही, ते धुळीला चिकटतं आणि धुळीसकट सुटतं. आधी ब्रश, मग प्रायमर, मग सीलंट. खालची दगडी पट्टी बाहेर उतरती, आणि तिच्या खालच्या अंगाला एक खोबण, म्हणजे पाणी पृष्ठभागाला चिकटून मागे भिंतीकडे न सरकता तिथेच ठिबकतं. छज्ज्यालाही तशीच. ही बोटभर रुंदीची खोबण बाहेरच्या महागड्या रंगाहून जास्त भिंत वाचवते.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने लहान भोकं असतात, आत शिरलेलं पाणी बाहेर जायला. आमच्याकडे एका नीटनेटक्या मुलाने शेवटच्या दिवशी ती सगळी सिलिकॉनने बुजवली. त्याला ती राहून गेलेली भोकं वाटली. मुलगा खरोखरच चांगला कारागीर होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं इतकंच. दाभण घेऊन आम्ही ती पुन्हा मोकळी केली, तोही हसत मदतीला आला.

स्वयंपाकघरात एकच सांधा सांगण्यासारखा, सिंकखालचा. प्लायवूड बीडब्ल्यूपी दर्जाचं घेतलं, त्याचा गोंद 72 तास उकळत्या पाण्यात टिकतो, वगैरे सगळं खरं. पण टिकतो तो गोंद, लाकूड नव्हे. प्लाय पाणी पितं ते कापलेल्या कडेतून, आणि सुतार पाइपसाठी जे भोक पाडतो त्याची कड उघडी ठेवतो, कारण ते दिसत नाही. तिथे सीलर लावायला पाच मिनिटं लागतात.

विजेबाबत मला कुतूहल कमी आणि धास्ती जास्त. जादा प्रवाह झाला की पडणारा एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला वाचवतो तो वीज गळायला लागली की पडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि त्याच्या जोडीला अर्थिंगही नीट हवं. बाकी भानगड दाराची. दार कुठल्या बाजूला उघडणार हे सुताराला ठाऊक, बटण कुठे येणार हे वायरमनला, आणि दोघं साइटवर वेगवेगळ्या महिन्यांत येतात. दारामागे गेलेली बटणं सगळ्या घरांत असतात. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी लावून, फोटो काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना ते उपयोगी पडतात.

माणसांच्या मधल्या जागेचंही असंच आहे. गळती झाली की प्लंबर म्हणतो टाइलवाल्याने ठोकताना पाइप हलवला. टाइलवाला म्हणतो वॉटरप्रूफिंग कच्चं होतं. वॉटरप्रूफिंगवाला आपलं हमीपत्र काढतो, त्यात लिहिलेलं असतं की नंतर कोणी छिन्नी लावली तर हमी संपली. तिघंही बहुधा खरं बोलत असतात. काम आपापल्या रेघेपर्यंत प्रत्येकाने केलेलं असतं, आणि रेघ कोणाचीच नसते. म्हणून करारात वस्तूंची यादी करतो तशी या रेघांचीही यादी करावी असं माझं मत झालंय. पाइपभोवतीची कडी कोण भरणार, खिडकीची फट कोणाची, प्लंबरने फोडलेली झिरी कोण बुजवणार, चाचणीला कोण कोण हजर राहणार. ठेकेदाराला अशी यादी विचित्र वाटते. आमच्याने ती वाचून विचारलं, “यात माल कुठे आहे?”

रंगाबद्दल मला काही सांगायचं नाही, कारण तो पुन्हा देता येतो. नव्या गिलाव्याला वाळायला महिनाभर तरी द्या, ओल आणि अल्कली आत असताना पुट्टी चढवली तर लोणा तिच्यातून बाहेर येतोच. छटांवरून घरात भांडणं झाली, ती होऊ द्यावीत. निरुपद्रवी असतात.

शेवटचा वाद माझा झाला तो झडपेवरून. बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये, वरच्या मजल्याच्या ट्रॅपच्या बरोबर खाली, हात आत जाईल एवढी उघडझाप करणारी झडप मला हवी होती. इंटिरिअरवाल्या मुलीचं म्हणणं होतं की अखंड पांढऱ्या छतात ती डोळ्यात खुपेल. खुपते, मी नाकारत नाही. तिने तडजोड म्हणून बिजागऱ्या लपवल्या आणि कडेने बारीक ग्रूव्ह दिला. राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी ती उघडावी लागली. वर ट्रॅप खडखडीत कोरडा होता, पाइपभोवतीची कडीही. आत वायरमनची विसरलेली पक्कड सापडली, ती मी त्याला फोन करून परत नेऊन दिली.